नवाब मनियार आणि तीन गावांचे तीन खुनी

मूल गावच्या, बांगड्या भरणाऱ्या नवाब मनियाराला आयुष्यात कुणी चोर म्हटलं नाही, लबाड म्हटलं नाही, आणि उधळ्या म्हणावं इतकं त्याच्याजवळ कधी नव्हतंच. तरीही सत्तावन्नच्या फाल्गुनात निमगावच्या गुणवंतरावांकडून लेकीच्या चुड्याचं बोलावणं आलं, तेव्हा निरोप्याकडे तो असा बघत राहिला, की जणू पोलीस ठाण्यातून समन्स आलंय.

"अजी, कमली की शादी है," त्याची बायको कमरजहाँ म्हणाली. "मुँह काहे कू उतर गया?"

"सब आएँगी," नवाब म्हणाला. "सावरटोल्याची वच्छला, मोहाडीची रंभा. एकाच मांडवात."

कमरजहाँच्या लक्षात आलं आणि तिने तोंडाला पदर लावला. "मैं बोली थी ना, खुनी एक ही रखो."

आता हा काय प्रकार, ते सांगायचं तर बांगड्या भरण्यापासून सुरुवात करावी लागेल. पेठेत गादीवर बसून बांगड्या विकणं वेगळं आणि तट्टावर दोन पेट्या लादून खेडोपाडी हिंडणं वेगळं. धानाच्या शेतात रोवणी करणाऱ्या बायांचे हात म्हणजे काही लोणी नव्हे. बोटं जाड, अंगठ्याच्या मुळाशी गाठ, तळवा लाकडी. त्यावरून मापाची काच चढवायची तर हात सैल पडायला हवा, आणि हात सैल पडायला मन दुसरीकडे जायला हवं. "सैल सोड बाई, सैल सोड" असं म्हणणारे मनियार पुष्कळ होते. म्हटल्याने हात सैल पडत नाही, उलट जास्त आखडतो, हे नवाबाने ओळखलं होतं. म्हणून तो बोलायचा. पिकाचं, पाहुण्यांचं, कुणाच्या म्हशीचं. बोलता बोलता मधल्या बोटाशी तळवा असा दुमडायचा, की बांगडी मनगटात कधी उतरली ते बाईला खणखणाट झाल्यावरच कळायचं.

हा उपाय एकदाच फसला, तो याच कमळीपाशी. आठ वर्षांपूर्वी ती एवढीशी होती आणि पहिल्यांदाच काचेच्या बांगड्या भरून घ्यायला बसली होती. काच हातात घुसते असं कुणीतरी सांगून ठेवलेलं. मूठ अशी घट्ट आवळली की उघडेना. नवाबाने राजाची गोष्ट काढली. "राजाची नको," मूठ तशीच. वाघाची काढली. वाघ तिने आदल्याच आठवड्यात आंब्याखाली पाहिला होता, त्यात तिला नवल नव्हतं. तेव्हा नवाबाच्या तोंडून कुठून आलं कोण जाणे, तो म्हणाला, "एक मालगुजार होता. एक दिवस तो सकाळी उठलाच नाई."

"काऊन?" कमळीने विचारलं. मूठ किंचित ढिली झाली.

मग नवाबाने सांगितलं. नदीपल्याडचा एक मालगुजार, म्हणजे गावचा सारा वसूल करणारा जमीनदार. बायको केव्हाच वारलेली, घरात तीन सुना. माणूस असा चिक्कू की मनियाराला दारात पाय ठेवायची मनाई. सुनांच्या हातात पितळेच्या वाक्या, काचेचं नाव नाही. तो मालगुजार सकाळी खाटेवर मेलेला सापडला, आणि खाटेपाशी पडला होता हिरव्या काचेचा एक तुकडा. समोरच्या चिंचेखाली एक मनियार पेटी घेऊन बसलेला, येणारा-जाणारा तेवढ्या एकट्याने पाहिलेला. हा मनियार नवाबाने केवळ मायेपोटी बसवला. एवढी गोष्ट आपण सांगायची आणि आपल्या जातीचा एक माणूसही तिच्यात नको, हे त्याला बरं दिसेना. मग तपासाला आले जमादार हैबतराव. डाव्या पायाने लंगडणारे, बारा महिने हातात छत्री. ही छत्री गुणवंतरावांची. ते त्या वेळी ओसरीवर छत्री टेकवून उभे होते, म्हणून ती गोष्टीत आली.

"मंग?" कमळी म्हणाली. तोवर तिच्या दोन्ही हातांत बांगड्या चढल्या होत्या.

"मंग पुढच्या खेपेले," नवाब म्हणाला. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणा की सगळ्यात मोठी कमाई, ती या तीन शब्दांत होती.

कारण पुढच्या खेपेला ओसरीवर कमळी एकटी नव्हती, निम्मं निमगाव होतं. त्यानंतर सावरटोला, मग मोहाडी. दर गावची गोष्ट तिथे तिथे पुढे सरकू लागली. मालगुजारी सरकारने मोडली, तरी नवाबाच्या मालगुजाराचा खुनी सापडेना. बाया हुशार. हात सैल सोडला की बांगड्या लवकर भरून होतात आणि गोष्ट तुटते, हे ध्यानात आल्यावर ज्यांचे हात सैल होते त्यासुद्धा हात आखडून बसू लागल्या. बांगड्या वाढू लागल्या, म्हणजे फुटू लागल्या. फुटली असं आपण म्हणत नाही. भरताना वाढलेली बांगडी मनियाराच्या अंगावर, ही जुनी रीत. पण नवाबाला त्याचं दुःख नव्हतं. त्याचं तट्टू गावाच्या वेशीत दिसलं की चुलीवरची भाजी तशीच सोडून बाया धावत येत, हे भाग्य मूलच्या दुसऱ्या कोणत्या मनियाराला होतं?

तीनेक वर्षांपूर्वी मात्र बायांनी धरलंच. किती दिवस लांबवतोस, खुनी कोण ते सांग. नवाबाने निमगावात सांगून टाकलं, सोनार. सगळं जुळत होतं. दुसऱ्या दिवशी सावरटोल्याला गेला, तोच सोनार जिभेवर घेऊन. बघतो तर ओळीत तिसरी हात पुढे करून बसलेली गावची सोनारीण. आता पाहुणचार घेणाऱ्या माणसाने असं कसं म्हणावं? जीभ आपोआप वळली. सावरटोल्यात खून वैद्याने केला. मोहाडीत वैद्याचं घर नवाबाच्या नेहमीच्या उताऱ्याशेजारी, म्हणून तिथे दिवाणजीने केला. एक गाव नदीपल्याड, एक जंगलाच्या पोटात. बाया एकमेकींना भेटत त्या लग्नातच, आणि लग्नासाठी नवाबाने आधीपासूनच नियम करून ठेवला होता: लग्नघरी खुनाचं नाव काढायचं नाही, अभद्र असतं. या नियमाचं सगळीकडे फार कौतुक झालं होतं. किती समजदार माणूस आहे, म्हणत.

पण खुनी कळला आणि गोष्टीतला जीव गेला. आता उरला नुसता पाठलाग. त्यातच आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, आणि नवाबाला वाटलं, जमादारालाही बढती द्यावी. हैबतरावांची बदली झाली मुंबईला. नवाबाने मुंबई पाहिलेली नव्हती. समुद्र म्हणजे सिरोंच्याजवळची गोदावरी पुरात असताना पल्याडचा काठ काढून टाकला की जे उरेल ते, असा त्याचा हिशेब होता. तेवढ्यावर तो मुंबई चालवत होता, आणि ती चालत नव्हती. बायांचे हात अलीकडे फार सैल पडू लागले होते. हे त्याला इतर कुणापेक्षाही आधी कळलं, कारण हात त्याच्याच हातात होते.

तर अशी परिस्थिती असताना तो निमगावला पोचला. दुपार कलली होती. दाराशी आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, बाजेवाले सावलीला आडवे झालेले. तट्टू बांधून तो पेट्या उतरवतो तोच ओसरीच्या कुडापलीकडून वच्छलेचा आवाज आला. वच्छला म्हणजे कमळीची मावशी, सावरटोल्यात दिलेली. तिचा आवाज चारजणींत ओळखू यायचा.

"हैबतराव मुंबईले गेला अन् संपला समज. इथी होता तवा कसा होता? मोहाच्या एका फुलावरून सांगे का झाडाखाली कोण उभं होतं. तिथी काय करते? मोटारीत बसते. उतरते. अजून बसते."

"मोटार काय वाईट हाये व, बाई?" ही रंभा, कमळीची मोहाडीची मामी. "मले त तेच आवडते. पहिले नुसता छत्री टेकवून विचार करत राहे. आमच्या सासूचा डोया लागून जाये."

"अन् छत्री कुठी गेली? बोल. मुंबईले पाऊस पडत नाई का?"

"ठेवली असन घरी."

"हैबतराव छत्री घरी ठेवते? आंघोळीले जाताना नेत होता तो छत्री. अन् पाय? डावा पाय लंगडा होता त्याचा. मांगच्या खेपेले उजवा झाला."

"डावा थकला असन," रंभा म्हणाली. बाया हसल्या.

कुडाअलीकडे नवाबाने कपाळावर हात मारला. पायाचं खरं होतं. मागच्या खेपेला त्याचा स्वतःचाच उजवा गुडघा धरला होता आणि तो गोष्टीत शिरला. पण तेवढ्यावर निभावलं असतं तर बरं होतं.

"मी सांगते, बिघडलं कुठी ते," वच्छला म्हणाली. "त्या वैद्याले तीनदा धरलं अन् तीनदा सोडलं, तिथीच बिघडलं."

"कोन्त्या वैद्याले?"

"कोन्त्या म्हणजे? खुनी वैद्याले."

"खुनी त दिवाणजी हाये," रंभा म्हणाली.

मग गुणवंतरावांच्या म्हाताऱ्या आत्याचा, मनकर्णाबाईचा, संथ आवाज आला. "तुमी दोघी जेवल्या का नाई व अजून? मालगुजाराले सोनारानं मारलं. या घरातल्या मांजरीले माहीत हाये."

नवाबाने तट्टाकडे बघितलं. तट्टाने त्याच्याकडे बघितलं. गाठ सोडून निघून जाणं अशक्य नव्हतं. पण आत कमळी पाटावर बसली होती, हळदीआधी चुडा भरायचा होता, आणि हा चुडा भरायला पंचक्रोशीत दुसरा मनियार नव्हता. त्याने पेटी उचलली आणि खाकरून आत पाऊल टाकलं.

"या, नवाबभाऊ," वच्छला म्हणाली, इतक्या गोड आवाजात की त्याला घाम फुटला. "बसा. पेटी नका उघडू अजून."

"मावशी, लग्नघरी खुनाचं नाव..."

"ते तू काऊन म्हणत होता, ते आता समजलं," मनकर्णाबाई म्हणाली.

मग बायांनी त्याला फैलावर घेतला. वच्छलेने सांगितलं, गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला तेव्हा नवऱ्याने वैद्याची पुडी आणली होती, आणि ती पुडी तिने गपचूप केळीच्या बुंध्याशी ओतली. कुणी सांगावं, वैद्यच तो. आठ दिवस तापात पडून होती. रंभेचं दुःख मोठं होतं. तिच्या पोरीला चांगल्या घरचं स्थळ आलेलं, मुलाचा बाप कुठेतरी दिवाणजी. "मी म्हटलं, दिवाणजीच्या घरात पोट्टी देणार नाई. यायनं विचारलं काऊन, त मी काय सांगू? आता त्या पोराचं लगन झालं, दोन बैलजोड्या हायेत त्याले."

"मी का सांगतलं होतं दवाई फेक म्हणून?" नवाब क्षीणपणे म्हणाला.

"विश्वास ठेवला न आमी," वच्छला म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात गोडवा नव्हता, खोटा नाही आणि खराही नाही. "भाऊ, मूलच्या बाजारात आता पिलाष्टिकच्या बांगड्या येऊन राह्यल्या. फुटत नाई, वाढत नाई. आपल्या हातानं घालाव्या, आपल्या हातानं काढाव्या. मनियार पाह्यजे कायले? त्याची वाट पाहाले पाह्यजे कायले?"

ते मात्र नवाबाला लागलं. त्या बांगड्या त्याने पाहिल्या होत्या. हलक्या, गुळगुळीत, आवाज नसलेल्या. त्या घालायला कुणी कुणाचा हात हातात घ्यायचा नव्हता, म्हणून कुणी कुणाला काही सांगायचंही नव्हतं.

"मावशी, तू थांब," कमळी म्हणाली.

तिने हात पुढे केला. नवाबाला हायसं वाटलं. सवयीने त्याने तो हात घेतला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की मूठ मिटलेली आहे. त्या वेळी होती अगदी तशीच. अंगठा आत.

"खरा कोण ते सांगा, भाऊ," ती म्हणाली. "मंगच उघडीन."

"बेटी, हळदीचा टाईम..."

"माह्या मालकाची नोकरी सिरोंच्याले, जंगल खात्यात. तिथी बाया तेलुगू बोलतात. मनियारही तेलुगूच बोलत असन. मले पुढचं कोण सांगन? तीन खुनी घेऊन मी सासरी जाऊ का?"

कमळी चेष्टा करत नव्हती. तिचे डोळे भरत आले होते. नवरीचे भरतात तसे, पण या रडण्यातला थोडा वाटा हैबतरावांचाही होता, हे नवाबाला स्वच्छ दिसलं.

बाहेरून गुणवंतरावांची हाक आली. "झाला का चुडा? हळद खोळंबली न बाप्पा."

"खुनी सापडला नाई अजून," मनकर्णाबाईने आतून सांगितलं.

"काय सापडलं नाई?"

"तू जाय. बाजेवाल्यायले चहा दे."

नवाबाने गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं आणि होतं ते सांगितलं. सावरटोल्याची सोनारीण, मोहाडीच्या वैद्याचं अंगण. "ज्याच्या घरचं पाणी प्यायलो, त्याच्या माथी खून कसा मारू? म्हणून ज्या गावी जो राहते, त्याले त्या गावी सोडलं. माह्या मनात एकच होता, सोनार. पर खरं सांगू? तो पण असाच ठेवला होता, निमगावले सोनार नाई म्हणून."

"म्हणजे तुलेच माहीत नाई?" रंभा म्हणाली.

"नाई."

असा कबुलीजबाब हैबतरावांनासुद्धा आठ वर्षांत कुणी दिला नव्हता. वच्छलेला हसू येत होतं, पण इतक्यात हसायचं नाही असं ठरवून ती छताकडे बघत होती. "ते सोनारीण," ती शेवटी म्हणाली, "तिच्या नवऱ्याले खुनी म्हटलं असतं त तिनंच टाळी देल्ली असती."

कमळी मात्र विचारात पडली होती. मूठ तशीच नवाबाच्या हातात.

"भाऊ, मालगुजाराच्या सुनायच्या हाती काय होतं?"

"पितळेच्या वाक्या."

"काच?"

"काच कुठून? मनियाराले दारात मनाई न."

"कोणाच्याच हाती नाई?"

"त्या घरात काचेचं नाव नाई. पहिल्याच दिवशी सांगतलं मी तुले."

"तेच म्हणते मी. पहिल्या दिवशीचं मले सगळं ध्यानात हाये. तुमी नंतर जहाज आणलं, जुळा भाऊ आणला, अन् सगळे भुलले." तिने डोळे पुसले, मोकळ्या हाताने. "मंग खाटेपाशी हिरवी काच आली कुठून? सोनाराजवळ काच नसते. वैद्याजवळ नसते. दिवाणजी त कागदातच मरते."

रंभेने तोंडातलं पान गालात सारलं.

"हिरवी काच कोणाच्या पेटीत असते?" कमळीने विचारलं.

नवाबाला तो चिंचेखाली बसलेला मनियार दिसत होता. आठ वर्षं बसून होता बिचारा, त्याच चिंचेखाली, गुडघ्यावर हात ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला रामराम करत. हैबतरावांनी विहिरी उपसल्या, चुलीची राख चाळली, सोनाराची भट्टी विझवली, मुंबईपर्यंत मोटारी फिरवल्या. त्या मनियाराची पेटी त्यांनी एकदाही उघडायला लावली नव्हती. कशी लावतील? गावोगावी ज्याला त्याला सोडता सोडता नवाबाने एका माणसाला सगळ्याच गावांत सोडलं होतं.

"व माय," रंभा हळूच म्हणाली.

"पर मारीन कायले?" वच्छलेच्या डोळ्यांत जुनी चमक आली होती. ती पुढे सरकून बसली. "आपलंच गिऱ्हाईक मारलं त बांगड्या कोणाले भरन? नवरा मेला का बाईच्या बांगड्या गेल्या."

"त्याची बायको पहिलेच मेलती," कमळी म्हणाली. "हे पण पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. घरात तीन सुना, तिघींचे नवरे जिते. सासरा गेला का दार उघडं."

"तीन सुना," मनकर्णाबाई म्हणाली. तिने बोटं मोडल्यासारखी केली. "पोळा आला, नाई. दिवाळी आली, नाई. पोटुशी झाली, तवाही नाई. हातात पितळ. अन् समोर चिंचेखाली तो हिरवा चुडा घेऊन बसून राह्यलाय रोज. त्याले राग येईन का नाई येणार?"

"येईन," चारपाचजणी एकदम म्हणाल्या.

"मी असती त मीच मारला असता," वच्छला म्हणाली.

खुनी सापडला होता. त्यावर कुणाचं दुमत नव्हतं, सावरटोल्याचं नाही, मोहाडीचं नाही. राहिला होता फक्त नवाबाचा होकार, आणि सगळ्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

नवाबाने फार विचार केला असं नाही, पण जो केला तो खरा केला. सोनाराला वाचवलं, वैद्याला वाचवलं, दिवाणजीला ओळख ना देख तरी वाचवलं असतं. आता आपल्याच धंद्याच्या माणसाला बेडी घालायची, तेही याच बायांसमोर. उद्या आपण दारात उभे राहिलो आणि एखादीने हात मागे घेतला तर? पिलाष्टिकचं भय वेगळं होतं, हे वेगळं. त्याने कमळीच्या मुठीकडे बघितलं. अंगठा अजून आत होता.

"होय बेटी," तो म्हणाला. "मनियारानंच मारला. मले आजच समजलं."

मूठ उघडली.

नवाबाने पेटीचं झाकण उचललं, हिरव्या बांगड्यांची दोरी सोडली आणि कमळीचा तळवा दुमडला. इतका सैल हात त्याने सबंध हयातीत धरला नव्हता. पाण्यासारखा. एक, एक, एक अशा बांगड्या मनगटात उतरत गेल्या. आणि हात मागे घ्यायचं सोडाच, रंभेने आपले दोन्ही हात आधीच पुढे करून ठेवले होते, त्याच्या गुडघ्याला लागतील इतके जवळ. "कमळीच्या मांगून माहा नंबर. अन् मले सांगजो, हैबतरावाले कसं समजते ते."

"मुंबईहून आणा त्याले वापस," वच्छलेने हुकूम सोडला. "पयले छत्री घेऊन ये म्हणा."

"आणतो."

"अन् डावा पाय."

"डावा, मावशी. डावाच."

"मनियाराले फाशी नाई द्याची पर," रंभा म्हणाली.

"काऊन नाई? खून केला त्यानं."

"चांगला खून केला."

झालं, पुन्हा जुंपली. फाशी की काळं पाणी की हैबतरावांनी तोंड फिरवून निघून जावं, यावर तीन गावांची तीन मतं पडली, आणि नवाब ऐकत राहिला. मुंबईवर गेल्या चार महिन्यांत कुणी इतकं भांडलं नव्हतं. जिवंत गोष्टीवरच माणसं भांडतात. त्याचा गुडघासुद्धा दुखायचा थांबला.

"अन् मले?" कमळीने हळूच विचारलं. दुसरा हात आता त्याच्या हातात होता. "मले काय झालं ते कोण सांगन?"

"तुले कायले पाह्यजे कोणी? खुनी तूच धरला. आता तिथल्या बायायले तू सांगजो."

"त्यायची भाषा मले येत नाई."

"येईन. गोष्ट ऐकाची असली का बाया शिकवतात." नवाबाने आवाज खाली आणला. "पर एक ध्यानात ठेव. सांगण्याच्या पयले चौकशी करून घेजो. ऐकणाऱ्यात कोणी मनियारीण बसली असन, त दुसऱ्या कोणाले पकड."

कमळी इतकी हसली की हात हलला, आणि शेवटची बांगडी कट्‌कन आवाज करून वाढली. तुकडा उडून पाटाजवळ सारवणावर पडला. हिरवा, उन्हाच्या कवडशात चमकणारा.

सगळ्यांनी आधी तुकड्याकडे बघितलं. मग पेटीकडे. मग नवाबाकडे.

"वाढली, वाढू दे, चांगलं असते," मनकर्णाबाई म्हणाली. तिचा चेहरा जराही हलला नव्हता. "पर तुकडा उचल बाप्पा, नवाब. पडून राह्यला त पंचाईत होईन."

नवाबाने तो तुकडा उचलला आणि गुपचूप सदऱ्याच्या खिशात टाकला. टाकताना, का कोण जाणे, त्याची नजर दाराकडे गेली.

दारात गुणवंतराव उभे होते. उन्हातून आलेले, मिटलेली छत्री उंबऱ्यावर टेकवून, भिवया आक्रसून आतलं सगळं न्याहाळत.

"इथी चाललं काय हाये?" त्यांनी विचारलं.

ओसरीवर जो हशा उसळला, त्याने बाजेवाले चहा सोडून उठून बसले. नवाबाने मात्र दोन्ही मनगटं जोडून गुणवंतरावांपुढे धरली. ते त्याच्याकडे, मग बायांकडे, मग आपल्या छत्रीकडे बघत राहिले, आणि आपल्याला इथे कुणी काही सांगणार नाही हे ओळखून हळदीची तयारी बघायला परत फिरले. जाताना उंबऱ्याला ठेच लागली, आणि मांडव ओलांडेपर्यंत ते लंगडत गेले.

"डावा," वच्छला समाधानाने म्हणाली.